तपासता आलेल्या भागापुरते

मंगळवार, दि. १२ सप्टेंबर
दुपारचे सव्वातीन

प्रिय बारक्या,

तुला आणि वहिनीला आशीर्वाद. तुझ्या चिरंजिवांना वेगळे लिहीत नाही. मागच्या पत्राचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.

माझी प्रकृती ठीक. उजव्या डोळ्याचे काम एकदाचे उरकले. डॉक्टर म्हणाले, आता स्वच्छ दिसायला हरकत नाही. हरकत कोणाची, असे मी विचारले. ते हसले नाहीत. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करणारा जाताना म्हणाला, "बहुतेक आता गळणार नाही." एरवी मी त्या 'बहुतेक'चा समाचार घेतला असता. या वेळी त्याला चहा दिला.

वर्गात यंदा अकरा जण आहेत, सगळे आपापल्या कामात मुरलेले. प्रगत इंग्रजीतला खात्री आणि सावधपणा यांचा धडा चालू आहे. फळ्यावरची माझी शिडी तुला ठाऊकच आहे. वरच्या पायरीवर 'मस्ट', खाली उतरत 'मे', तळाशी 'माइट', आणि बाजूला टेकून उभे 'सीम्स' नि 'अपिअर्स'. आपण नेमके कोणत्या पायरीवर उभे आहोत हे ज्याला कळते तो सुशिक्षित, हे वाक्य मी सव्वीस वर्षे ऐकवत आले. गुरुवारी एका गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "पण मॅडम, खालच्या पायरीवर उभं राहिलं की लोक भित्रं म्हणतात, त्याचं काय?"

मी फळा पुसला. वर्ग दहा मिनिटे आधी सोडला. मी वर्ग आधी सोडला याचा अर्थ तुला सांगायला नको.

आदल्याच दिवशी वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. "वन्सं, तुम्हाला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातलीय," एवढे म्हणून तिने सगळे सांगितले. वाचनालयाची मागची भिंत पडली. तिथल्या ग्रंथपालबाईंचा पाय मोडला. तुझा तपासणी अहवाल चौकशी समितीपुढे आहे, शुक्रवारी सुनावणी आहे आणि इमारती तपासण्याचा तुझा परवाना जाऊ शकतो. आणि पाच आठवडे तू समितीला एकच सांगतो आहेस, की अहवाल माझा आणि शब्दही माझे.

शब्द तुझे नव्हते, बारक्या.

तू तपासायला पाठवलेला कच्चा मसुदा माझ्या खणात होता. मी दुरुस्त केलेले कागद मी टाकत नाही. हाही एक गर्वच. तुझ्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता: 'तपासता आलेल्या भागापुरते पाहता भिंत मजबूत असावी असे दिसते, कपाटांमागील भाग पाहता आलेला नाही.' मी लाल शाईने त्यातले बहुतेक खोडले आणि समासात लिहिले, 'एवढी शेपूट कशाला? ठाम लिही.' उरले ते एवढेच, की भिंत मजबूत आहे. त्या वाक्यावर मी खूश झाले होते, हे मला स्पष्ट आठवते. तू फोनवर म्हणालास, "ताई, ते कपाटांचं तेवढं राहू दे ना." मी विचारले, तू इंजिनिअर आहेस की माफीनामे लिहिणारा कारकून? तू "बरं" म्हणालास. तुझ्या शाळेच्या वह्या मी पुन्हा लिहून काढायची तेव्हाही असेच "बरं" म्हणायचास.

हा भाषेचा प्रश्न होता असे म्हणणे सोयीचे आहे. पण हेच वाक्य माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले असते, तर मी ते वर्गाला वाचून दाखवले असते. माझ्या भावाच्या सहीवर मात्र मला कचरणारे वाक्य नको होते. पाण्यात उतरण्याआधी तू काठी घालून पाहायचास, निघताना कडी तीनदा ओढायचास. त्याला मी भित्रेपणा म्हणत आले. तीच तुझ्या धंद्याची अक्कल होती.

रविवारी त्या ग्रंथपालबाईंना भेटून आले. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, मांडीवर पुस्तकांच्या चिठ्ठ्या. म्हणाल्या, "तुमचे भाऊ दोनदा सांगून गेले होते, कपाटं सरकवा. आम्हीच म्हटलं, चार हजार पुस्तकं कोण उतरवणार?" मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "चेहरा सारखा आहे तुमचा. ते बोलतात मात्र हळू."

आज सकाळी तो मसुदा, सोबत सहा ओळींचे पत्र, समितीच्या कार्यालयात स्वतः दिला आणि पोच घेतली. कोणी काय लिहिले, कोणी काय खोडले, कोणी हरकत घेतली, एवढेच त्यात आहे. त्या सहा ओळींत 'कदाचित' कुठेही नाही. मी शिकवते त्या संस्थेच्या प्रमुखांनाही सांगून टाकले. ते म्हणाले, ही बहुधा तुमची शेवटची तुकडी. मी त्यांचे वाक्य दुरुस्त केले नाही.

सही का केलीस, याचे उत्तर मात्र तुलाच द्यावे लागेल. खरे असेल ते दे, मला वाचवू नकोस. जे पाहिलेस ते सांग. जे पाहिले नाहीस तेही त्याच आवाजात सांग.

शुक्रवारी अकराला मी बाहेरच्या बाकावर असेन. तू माझ्याशी बोलशील की नाही, मला माहीत नाही. पण तू तुझे काम चोख केले होतेस, हे मी अगदी वरच्या पायरीवरून सांगते.

हे पत्र मी पुन्हा वाचून दुरुस्त केलेले नाही.

तपासता आलेल्या भागापुरती शहाणी,
तुझी ताई