पंचविशीतलं रक्त

शिंचू, १७ मार्च

ताई,

नमस्कार. तू पाठवलेली कालवं बर्फासकट पोचली. बायकोनं अंडं घालून परतली, मी दोनदा वाढून घेतलं. दाजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, आता तरी कालवांच्या तराफ्यावर पोरांना जाऊ द्या.

इकडे थंडी ओसरली. प्रयोगशाळेतलं यंत्र नीट चालावं म्हणून त्यावर हिरव्या पुडीचा खाऊ ठेवतात, ते तुला माहीत आहेच; हिरवा रंग म्हणजे यंत्र चालणार, पिवळा म्हणजे अडणार. परवा कुणीतरी पिवळी पुडी ठेवली, तर आमच्या प्रयोगशाळेतल्या पाई-चेननं केवढा दंगा केला! आम्ही म्हणे शास्त्रज्ञ.

फोनवर तू दोनदा विचारलंस, "डायलिसिससाठी माझ्या हातात तुमची ती कृत्रिम रक्तनळी कधी बसणार?" दोन्ही वेळा मी तुझ्या जेवणाची चौकशी केली. आता सांगतो.

आमची तपासणी तू पाहिली आहेस. सोन्याचा पातळ थर दिलेल्या काचेवर नळीच्या आतलं अस्तर चढवायचं. त्यावरून रक्तातला पिवळा द्रव सोडायचा आणि खालून प्रकाश टाकायचा. रक्तातली प्रथिनं अस्तराला चिकटली की प्रकाशाचा कोन किंचित बदलतो आणि पडद्यावरची रेघ चढते. प्रथिनं चिकटली की मागून गुठळी येते, नळी तुंबते. आमच्या अस्तरावर ही रेघ वर्षभर आडवी झोपून होती. तिच्याच जोरावर माणसांवर चाचणी ठरली आणि तुझं नाव लागलं.

पण ते रक्त होतं कुणाचं? आमचंच! पंचविशीतली, सायकली हाणणारी पोरं दंड पुढे करायची आणि बदल्यात आमचे प्रमुख लू सर त्यांना बबल टी पाजायचे. कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

मग मागच्या महिन्यात तू रक्त दिलंस. "घे, पाज तुझ्या यंत्राला," म्हणालीस. डायलिसिसच्या कक्षातल्या तुझ्या सोबत्यांनीही दिलं.

ताई, रेघ चढली. तुझी चढली, सगळ्यांची चढली, आणि धुऊनही खाली आली नाही.

बैठकीत मी उभा राहिलो. "सर, ज्यांच्या हातात नळी बसवायची, त्यांचं रक्त आपण पाहिलंच नाही! धडधाकट माणसाला ही नळी हवीय कशाला? आपण स्वतःलाच तपासत बसलो आणि पास झालो!"

लू सर म्हणाले, "युआन, खाली बस. ही देवळासमोरची प्रचारसभा नाही." मग आवाज उतरवून, "अरे, तुझी सख्खी बहीण आहे ना या चाचणीत?"

"आहे. सुया टोचून टोचून डाव्या हातातल्या शिरा संपल्यात तिच्या. उजवा एकच उरलाय. तो मी असा वाया जाऊ देणार नाही."

सर चष्मा पुसत राहिले. "तिला सांगणार कोण?"

"मीच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचणी थांबवली.

तेव्हा या वर्षी नळी नाही. मानेतल्या तात्पुरत्या नळीवरच भागवावं लागेल. तिच्यातून जंतू शिरले तर काय होतं, हे तू मागच्या उन्हाळ्यात भोगलंस. ते विसरून मी उभा राहिलो नव्हतो.

नवं अस्तर करायचं तर तुमच्याच रक्तावर पारखायला हवं. गुरुवारी कक्षात येतो. सगळ्यांदेखत मला हवं तेवढं बोल. बोलून झालं की हात पुढे कर.

तुझी नळी अडवणारा
आणि तरीही तुझाच धाकटा,
चेन-युआन