हिरव्या चिपेवरची रेघोटी

रविवार, ७ जानेवारी

आजपासून ह्यांच्या चिपांचा कारभार माझ्याकडे. ठरलं म्हणजे ठरलं. मीच ठरवलं.

आज पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर त्या वाचनालयामागच्या हॉलमध्ये गेले. एक रविवार सोडून एक रविवार हे तिथे जातात. मला वाटायचं, असेल काहीतरी मोठं. बघते तर दहा-पंधरा म्हातारे, पुढ्यात डबे, डब्यात जुन्या चकत्या. पत्त्यांच्या क्लबात पोकर खेळताना पैशाच्या जागी मांडतात त्या. क्लब कधीच बंद पडले, चकत्या ह्या म्हाताऱ्यांच्या बोकांडी. मळक्या, कडा झिजलेल्या. आणि हे लोक त्या दोन बोटांत धरून भिंगातून बघतात, तान्ह्या पोराच्या कानात बघावं तसं.

आमच्या ह्यांनी तीन चिपा देऊन एक घेतली. तीन देऊन एक! वर त्या माणसाला थँक्यू म्हणाले. माझं डोकंच फिरलं. तिथेच बोलणार होते, पण ह्यांनी बाही ओढली.

घरी येताना विचारलं, त्याने तुम्हाला शेंडी लावली ते कळलं का? म्हणाले, अगं, ती एक मिळत नाही कुठे. म्हटलं, तुम्हाला सगळंच मिळत नाही, त्याला कारण तुम्ही.

निश्चय: पुढच्या वेळेपासून मी बोलणार. हे फक्त डबा धरणार.

सोमवार, ८ जानेवारी

लॉन्ड्रीत सुपरवायझरशी वाजलं. हॉटेलच्या चादरीवरचा वाइनचा डाग मी काढला आणि शाबासकी नव्या पोरीला. बोलले काही नाही. म्हणजे थोडंच बोलले.

रात्री ह्यांना नीट विचारलं, तुम्हाला नेमकं हवंय काय त्या चकत्यांतून? तेव्हा तोंड उघडलं. तरुणपणी हे एका क्लबाच्या दारावर दरवान म्हणून उभे असायचे. आत एकदाही खेळले नाहीत, गणवेशवाल्यांना परवानगी नव्हती. त्या क्लबाच्या चिपा सात रंगांच्या. सहा रंग ह्यांनी इतक्या वर्षांत जमवले. हिरवा राहिला. क्लब बंद झाला त्या रात्री मॅनेजरने हिरव्या चिपा पाहुण्यांना आठवण म्हणून वाटल्या. दारावरच्यांना कोण देतं.

हे सांगताना आवाज बारीक झाला होता. मला असला राग आला त्या मॅनेजरचा. मेला असला तर बरं.

हिरवी चिप मी आणून देणार. ह्यांना जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते मी महिन्यात करते की नाही बघा.

शनिवार, २० जानेवारी

उद्या बाजार. ह्यांच्या जास्तीच्या चिपांचा डबा काढला. शी! इतका मळ. असला माल कोण घेईल? लॉन्ड्रीतली डागाची पावडर आणली होती, त्यात भिजत घातल्या, ब्रशने कडा घासल्या. पाणी अगदी चहासारखं निघालं. पुसून टॉवेलवर ओळीने वाळत घातल्या. नव्यासारख्या झाल्या!

हे बाहेरून आले, बघितलं आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, धुतल्यास? म्हटलं, मग काय चाटू? एक उचलून उजेडात धरली, परत ठेवली. आनंद झाला की ह्यांना असंच होतं.

रविवार, २१ जानेवारी

सगळे चोर आहेत.

टेबलावर माझ्या चकचकीत चिपा मांडल्या. टाय घालून येणारा एक आहे, आधी बँकेत कॅशियर होता, त्याने एक उचलली, वास घेतला. वास! म्हणाला, वहिनी, ही साबणाने धुतलीत का? म्हटलं, हो, फुकट धुतलीय, धुण्याचे पैसे लावत नाही. तो म्हणाला, मळ ही वापरल्याची खूण असते, ती गेली की नवी नकली बनवलेली आणि खरी, ओळखू येत नाही. म्हणून अर्ध्या रेटला मागितल्या.

म्हणजे घाण असेल तर जास्त पैसे, स्वच्छ असेल तर कमी! असल्या लोकांच्या घरी बायका काय करत असतील देव जाणे. एकही विकली नाही मी. डबा बंद केला.

पण खरी बातमी पुढे. तिथे एक दातांचे डॉक्टर येतात. रिटायर्ड. त्यांच्याकडे हिरवी आहे! ह्याच क्लबाची! पाहुणा म्हणून गेले होते त्या शेवटच्या रात्री. हे बिचारे कधीपासून त्यांच्याभोवती घोटाळतायत आणि तोंडातून शब्द नाही. मी सरळ जाऊन विचारलं, डॉक्टर, हिरवी द्यायची का, बोला. डॉक्टर हसले. म्हणाले, वहिनी, तुम्ही फारच जोरात हिरडीला हात घातलात. पण ह्यांच्याकडे बघून म्हणाले, तुम्हीच न्यायला पाहिजे खरं तर. घेऊन जा, बघा.

ह्या लोकांची एक अजब रीत आहे. सौद्याच्या आधी वस्तू घरी न्यायची, पुढच्या बाजारापर्यंत आपल्या ओळीत ठेवून बघायची. पटली तर सौदा, नाही तर परत. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. आणि घरी नेलेली बिघडली तर ती तुमची झाली, बदल्यात तुमच्या डब्यातली मालक मागेल ती त्याची.

टायवाल्याने हे मला दोनदा सांगितलं. मी काय लहान पोर आहे?

बुधवार, २४ जानेवारी

तीन दिवस हे त्या हिरव्या चिपेपुढे बसून आहेत. सात रंग ओळीत मांडतात, चष्मा काढतात, घालतात. चहा गार होतो. काल मी विचारलं, जेवायला येता का, की तिलाच जेवायला वाढू? हसले. ह्यांना हसताना बघून बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. दाखवलं की डोक्यावर बसतात.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपते. चिपेच्या मधल्या लेबलवर कुणीतरी पेन्सिलने रेघोटी मारलीय. वाकडीतिकडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टर रेट सांगणार तो पूर्ण, आणि माल असा खरडलेला! मी ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, अगं, त्या रेघोटीचं असं आहे, की त्या रात्री... म्हटलं, रेघोटीचं मला सांगू नका, आयुष्य गेलं माझं डाग काढण्यात.

गार चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात गेले. पटलं.

शनिवार, २७ जानेवारी

विचार करून ठेवलाय. मळ काढायचा नाही, हे मी त्या दिवशी ऐकलं. ऐकते मी, लोक म्हणतात तशी नाही मी. पण पेन्सिल म्हणजे मळ नव्हे. पेन्सिल म्हणजे कुणाच्या तरी कार्ट्याचा उद्योग. ती काढली की चिप सुधारली. मग डॉक्टरांना म्हणायचं, बघा, तुमचा माल सुधारून आणला, आता रेट कमी करा. ह्याला म्हणतात धंदा.

हे बाजारात भाजी आणायला गेलेत. आत्ताच करते.

शनिवार, २७ जानेवारी, दुपारी

खोडरबरने गेली. जवळजवळ सगळी गेली. लेबलचा थोडा पापुद्रा उठला, तो मुळातच कमकुवत होता.

शनिवार, २७ जानेवारी, जरा वेळाने

पापुद्रा बसवायला एक थेंब पाणी लावलं. हिरवा रंग लेबलच्या पांढऱ्यात उतरला. कसला रंग वापरतात हे क्लबवाले! आमच्या हॉटेलच्या टॉवेलचा असा उतरला असता तर सुपरवायझरने पुरवठादाराला दारात उभं केलं नसतं.

डागाची पावडर, अगदी चिमूटभर.

लेबल फुगलं. फुगलेलं कापड कसं बसवतात? इस्त्रीने. मंद आचेवर, वरून रुमाल टाकून. मला कुणी शिकवू नये.

शनिवार, संध्याकाळी

चिप जरा वाकली. जरा म्हणजे बशीसारखी. टेबलावर ठेवली की डुलते. वर डिक्शनरी ठेवलीय, लेकीच्या शाळेतली. सकाळपर्यंत सपाट होईल.

ह्यांना सांगितलं, चिप मी जपून ठेवलीय, तुम्ही हात लावू नका. म्हणाले, बरं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

सपाट झाली नाही. पण पेन्सिल संपूर्ण गेली, हे कुणालाही मान्य करावं लागेल.

आज ह्यांनी बघितली. डिक्शनरी उचलली, चिपेला बोट लावून डुलवली. मी म्हटलं, बोला काय बोलायचं ते, मनात ठेवू नका, तब्येतीला वाईट. म्हणाले, ती मॅनेजरची सही होती गं. शेवटच्या रात्री प्रत्येक हिरवीवर त्याने केली होती.

मग मला आधी सांगायला काय झालं होतं? तोंडात काय बोळा होता? सगळा दोष माझ्यावर यायला नको म्हणून मी जोरात बोलले. शेजारच्यांनी भिंत ठोकली. मी पण ठोकली.

रविवार, ४ फेब्रुवारी

गेलो. मी ह्यांना सांगितलं होतं, आधी मी बोलणार.

डॉक्टरांनी चिप तळहातावर घेतली. डुलली. चष्मा बदलला. हॉलमधले सगळे एकेक करून टेबलाभोवती आले. शेवटी डॉक्टर म्हणाले, हिला काय झालं?

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, माझ्या हातून झालं. मीच धुतली.

खोटं! ह्यांना रुमाल धुता येत नाही. सगळी मेहनत माझी आणि नाव ह्यांचं? मी म्हटलं, हे काय धुणार, मी धुतलीय, इस्त्रीसुद्धा मीच केलीय. टायवाला खाली बघून खोकायला लागला.

डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, होतं. हे म्हणाले, नाही, रीत ती रीत. डबा उघडून पुढे केला. डॉक्टर हात लावेनात. मग ह्यांनीच सहा रंगांतली काळी उचलून त्यांच्या हातावर ठेवली. ह्यांना मिळालेली पहिली. रोज रात्री पुसायचे तीच. दाढ उपटावी तशी काढून दिली, तोंड वाकडं न करता.

मी रस्ताभर बोलत होते. हे डबा छातीशी धरून पुढे चालत होते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला बापाने सांगितलेलं दिसतंय. म्हणाली, आई, बाबांना एक रविवार तरी त्यांचा ठेवू दे की गं. मी म्हटलं, तू सासरी आहेस ना, तिथलं बघ. म्हणाली, तू सॉरी म्हटलंस का? म्हटलं, कशाबद्दल?

शांतपणे विचार केला तर नुकसान झालेलंच नाही. आधी सहा रंग होते, आत्ताही सहा आहेत. हिरवी हवी होती, हिरवी घरात आहे. महिन्यात आणून देईन म्हणाले होते, महिन्यात आणून दिली. आता फक्त काळी शोधायची.

ह्यांना हा हिशोब समजावला. म्हणाले, हो. भांडले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १८ फेब्रुवारी

सकाळी इस्त्री करत होते तेवढ्यात हे डबा घेऊन निघाले. म्हटलं, थांबा, मी साडी बदलते. म्हणाले, नको, आज मी एकटाच जातो. इतक्या वर्षांत मला नको म्हणाले नव्हते. इस्त्री तशीच सोडून मी मागून गेले. एकटे बघून ते चोर ह्यांना पार सोलून काढतील. काय काय सुनवायचं ते रस्त्यात जुळवून ठेवलं. डॉक्टरला वेगळं, टायवाल्याला वेगळं.

हॉलच्या दाराला काच आहे. आत बघितलं. सगळे ह्यांच्या टेबलाभोवती. हे उभे राहून काहीतरी सांगत होते. आमचे हे, सांगत होते! मग एक कोपर बाहेर काढून टेबलावर हात फिरवायला लागले, पुढे-मागे, पुढे-मागे. बोटाने पाणी शिंपडलं. रुमाल टाकल्यासारखं केलं. हुबेहूब मी. मग तळहातावर चिप डुलवून दाखवली आणि डॉक्टर हसून हसून चष्मा पुसायला लागले. टायवाला टेबलावर हात आपटत होता. हे पण हसत होते, सगळ्यांत जास्त, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढं हसलेलं मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दाराची कडी हातात होती. आत गेले असते तर ते हसणं तिथेच थांबलं असतं.

दारावर पावत्या फाडणारा बसतो, त्याने विचारलं, जायचंय का आत, बाई? म्हटलं, नाही, पत्ता चुकला.

संध्याकाळी हे आले. विचारलं, काय झालं आज? म्हणाले, विशेष काही नाही.

मी म्हटलं, मी तर दिवसभर घरातच होते. त्यांनी विचारलं नव्हतं.