दोन नट, एक वायसर

बाबा, तुमच्या नातीचा नंबर चारशे दहावरून सहाशे चौदावर गेला, आणि आमच्या कुडव्याच्या घरी काल त्या आनंदात अर्धा किलो जलेबी आली. तुम्ही म्हणाल, नंबर मागं गेला तर जलेबी कायले? तेच सांगायला बसलो आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मली नव्हती. आता ती विमान चालवते. कॅप्टन व्हायची आहे अजून, को-पायलट आहे, उजव्या खुर्चीवर बसते. आणि पायलटच्या नोकरीत, बाबा, सारं त्या नंबरवर चालते. कंपनीत आधी लागला तो वर, मागून आला तो खाली. कॅप्टन आधी कोण होणार, दिवाळीची सुटी कोणाला, कोणत्या शहरात राहायचं, सारं त्या सिनिऑरिटीच्या यादीवरून. मी तिचा करार मागवून वाचला, शहात्तर पानं, इंग्रजीत. दहावीनंतर शाळा सुटली तरी राइस मिलमधल्या मशिनींची पुस्तकं वाचून वाचून मी इंग्रजी शिकलो, कोणाची शिकवणी लावली नाही, हे तुम्ही पाहिलं आहे. पान एकोणतीसवर ज्या कलमाचा हवाला दिला होता, ते कलम अख्ख्या करारात नव्हतंच. पोरगी म्हणाली, हे आमच्या वकिलालाही नाही दिसलं. मी म्हटलं, त्यानं एकदाच वाचलं असेल.

मागल्या वर्षी तिच्या कंपनीनं एक लहान पण जुनी कंपनी विकत घेतली. इकडचे को-पायलट आठशे, तिकडचे चारशे. दोन याद्यांची एक यादी करायची होती. इकडचे म्हणत, कंपनी आमची, तुम्ही सारे आमच्या खाली लागा. तिकडचे म्हणत, नोकरीत आम्ही आधी लागलो, तारखेनं लावा. तसं लावलं असतं तर पोरगी थेट आठशेच्या आसपास गेली असती आणि कॅप्टन होईपर्यंत केस पिकले असते. पायलटांना नव्या करारात रात्रीच्या उड्डाणानंतर पुरता आराम हवा होता. मॅनेजमेंट म्हणे, आधी आपसात एक व्हा, एक यादी आणा, मग बोलू. दोन्ही युनियन भांडत राहतील तोवर त्यांना काहीच द्यावं लागत नव्हतं, हे न समजायला मी काही खुळा नाही. पोरगी युनियनच्या समितीत. तिचा फोन आला, आवाज बसलेला. म्हणाली, "पप्पा, बाराशे जण आहोत आणि एकमेकांचं तोंडही पाहून नाही राहिलो."

फोन ठेवला आणि मला आपलं अंगण दिसलं, अर्जुनी मोरगावकडचं. तुम्ही पाणकर, तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं ते तुम्ही पाहायचे. आपली नहर शेजारच्या गावच्या नहरेला जोडली ते वर्ष. आपले शेतकरी बेचाळीस, त्यांचे एकवीस, आणि ज्याला त्याला धानाला पाणी आधी पाहिजे. दोन्ही गावं अंगणात बसली आहेत, मायनं चहा मांडला आहे, पण कोणी कपाला हात लावत नाही. तुम्ही सुपात हरभरा आणि लाखोरी घेऊन येता. दोन दाणे हरभऱ्याचे, एक लाखोरीचा, पुन्हा दोन, पुन्हा एक, अशी सारवलेल्या जमिनीवर ओळ लावत जाता. मी मिलमधून सुटीवर आलेलो, अक्षर बरं म्हणून यादी लिहायला बसलेलो. आपली बांधी अकरावी होती, ती सोळावी आली. मी हळूच तेरावी लिहिली. तुम्ही पाहिलंच. साऱ्यांसमोर म्हणालात, "काऊन रे, नहर तुझ्या बापाची आहे का?" त्यांच्या गावचा एक म्हातारा म्हणाला, बाप तर थो समोरच बसला आहे. सारं अंगण हसलं, आणि मग दोन्ही गावांनी थंड झालेला चहा घेतला. अकरावरून सोळा झालं म्हणून माय दोन दिवस फणफणली. तुम्ही तिला म्हणालात, "नंबर नोको पाहू, पाणी कवा येते ते पाय." पाणी दोन तलावांचं होतं. आपली पाळी मागल्या वर्षीपेक्षा एक दिवस आधीच आली.

मी जेवणाच्या टेबलावर मिलमधले नट आणि वायसर मांडले. दोन नट इकडचे, एक वायसर तिकडचा. तुमची सून म्हणाली, या टेबलावर माणसं जेवतात. चारशे दहा आणि मधे घुसलेले दोनशे चार, सहाशे चौदा. आठशेत चारशे दहा काय, बाराशेत सहाशे चौदा काय, दोन्ही अर्ध्याच्या जरा पलीकडे. पोरगी होती तिथंच राहिली, ओळ तेवढी लांब झाली, आणि कॅप्टनच्या खुर्च्याही वाढल्या. आपापल्या ओळीत कोणी कोणाला ओलांडत नाही. तिला हे फोनवर सांगितलं तर तिनं आकडे पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, उद्या मीटिंगमध्ये तुम्हीच दाखवा.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर दोन्हीकडचे चौदा पायलट, आणि त्यांच्यापुढं माझं टेबल. मी लावत गेलो. तिकडच्या एकानं चिडून विचारलं, आम्हालाच वायसर का केलं? मी म्हटलं, वायसर नसला तर नट ढिला होऊन पडते, तुम्ही तर विमानात बसता, तुम्हाला मी काय सांगू. आधी तोच हसला. पुढं मतदान झालं, यादी दोन्हीकडून मंजूर झाली, दोन्ही युनियन टेबलाच्या एका बाजूला बसल्या, आणि काल करार झाला. आरामाचे तास मिळाले. पोरगी विमानतळावरून फोनवर ओरडली, "पप्पा, सहाशे चौदा!" जणू पहिला नंबर आला.

एक राहिलं. त्या मीटिंगमध्ये तिकडच्या युनियनच्या अध्यक्षानं शेवटी मला विचारलं होतं, "अंकल, ये तरीका किसका है?" मी म्हटलं, "मेरा." पोरगी पडद्यावरून माझ्याकडं अशा कौतुकानं पाहत होती की मला पुढं तुमचं नाव घेताच आलं नाही. तुम्हाला हे पोचणार नाही म्हणून लिहायला सोपं. जिला हे दाखवता येईल त्या पोरीला दाखवायची हिंमत अजून होऊन नाही राहिली. त्यांच्या कागदांत आता ती पद्धत माझ्या आडनावानं लिहिली आहे. आडनाव तुमचंही तेच आहे, असं मी सध्या स्वतःला समजावून राहिलो.