खोलीत उघडलेला निळा मेनू

जळगाव, गुरुवार, संध्याकाळ

धुळ्याच्या दवाखान्याचा सर्व्हर आज परत सुरूच होईना. पेशंटचे रिपोर्ट अडकले. पूर्वी असं झालं की मी बस पकडून जायचे, मशीनला मॉनिटर जोडायचे, कीबोर्ड मांडीवर घ्यायचे आणि सुरू होताना एफ-टू दाबून सेटिंगचा निळा मेनू उघडायचे. केसपेपर काढणाऱ्या अक्का शेजारी उभ्या राहायच्या. काम झालं की डबा उघडायच्या, दोघींचा.

आज गेले नाही. गेल्या खेपेला त्याच मेनूत शिरून मीच तो लांबून उघडायची सोय करून आले होते. खोलीत बसून लॅपटॉपवर तोच निळा मेनू उघडला. मशीन बॅकअपच्या डिस्कवरून सुरू व्हायला बघत होतं. डिस्कचा क्रम बदलून मूळची पहिली लावली, सेव्ह केलं, झालं. सांगायचं कोणाला? इतकं सोपं व्हायला नको होतं, असं वाटून गेलं. वेडेपणाच ना? तिकडे माणसं खोळंबली होती.

मग अक्कांचा फोन, सगळं सुरू झाल्याचा. "बठ्ठं चालू व्हयी गयं, माय. आते तू येशी नही का?"

म्हटलं, "रविवारी येते."

"मशीन परत बिघडनं का?"

"नाही अक्का. असंच."

"मंग घर ये. दवाखानामा कसाले?"

इतक्यांदा धुळ्याला गेले, पण त्यांचं घर कुठे ते मला माहीतच नव्हतं. आज विचारून घेतलं.