किटलीतलं दही

रविवार, संध्याकाळ. कडेगाव.

मित्रांत भाव खायला मीच पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे काढून गाडी खाली बसवली होती. दिसायची झकास, पण खड्डा आला की मागनं धाडकन आपटायची. मेढ्याला दिलेल्या ताईकडून दह्याची किटली आणावी, तर घरी येईपर्यंत त्याचं ताक. आई नुसतं किटलीत वाकून बघायची. तेच मनाला लागायचं.

काल एक पाटा परत घातला, शॉकअप नवे बसवले. गाडी बोटभर वर आली. थोडी शान गेली, जाऊ दे. आज त्याच रस्त्यानं किटली आणली, मागनं एकदाही आवाज नाही! घरात शिरताच झाकण काढून आईपुढं धरलं. दही घट्ट, वरची सायसुद्धा मोडली नव्हती. म्हटलं, आता तरी शाबासकी.

आईचं तोंडच उतरलं. "आरं, आता ह्ये घुसळायचं कुणी? तुजी गाडी आयतं लोणी काढून आणत हुती की रं. काढ बघू त्यो पाटा!"

म्हणजे इतके दिवस ती किटलीत लोणी बघत होती? आणि मी उगाच...

पाटा मात्र काढणार नाही. उद्या रवी मीच धरतो.