मिस्साला गेलेले बाबा

बाबा, गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी तुम्ही टीव्हीवर दिसलात, असं आईचं म्हणणं आहे. माझं नाही. तुमच्या शवपेटीच्या झाकणाचे स्क्रू मी स्वतःच्या हातानं आवळलेत; सुतार एक तिरका बसवत होता म्हणून त्याच्याकडून घेतला आणि सरळ बसवला. तेव्हा तुम्ही कुठे आहात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी लिहायला बसलोय, कारण लंडनमधल्या या हाउन्सलोच्या घरात ह्या विषयावर माझ्याशी बोलायला कुणी उरलेलं नाही. बायकोला माझा मुद्दा पटत नाही, मुलीला तो कळत नाही, आणि आईचं काय, ते सविस्तर सांगतो.

तुमच्यामागे काही वर्षांनी मी आईला इथे आणली. तिच्या डोक्यातून आता एकेक गोष्ट निघून चाललीय. किटलीला ती 'ते' म्हणते, फ्रिजलाही 'ते' म्हणते. पण प्रार्थना जशीच्या तशी आहे, संतांची नावं एकही इकडची तिकडे होत नाहीत. म्हणून सकाळी माझी शिफ्ट नसली की मी तिला टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या चर्चमधली मिस्सा लावून देतो. त्या मंगळवारी पोप पूर्व तिमोरला होते. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला अर्ध्या बेटावरचा छोटा देश आहे, जवळजवळ सगळा कॅथलिक. आपल्या वसईसारखाच तोही एके काळी पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे आडनावं ऐकली की आपल्याच गावचं रजिस्टर वाचल्यासारखं वाटतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही हे तुम्ही जाणता. मोटर कशी फिरते इथपासून पोर्तुगीज कुठे कुठे गेले इथपर्यंत जे काही आहे ते माझं मी मिळवलंय.

तर टीव्हीवर दुपारचं ऊन, समुद्राकाठचं मैदान, नजर पोचेल तिथवर माणसं आणि पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या. आपल्यासारखेच सावळे चेहरे, बायकांचे चापूनचोपून बसवलेले केस. पोप चाकाच्या खुर्चीत. आई टोस्ट चहात बुडवून खात होती. कॅमेरा गर्दीवरून फिरला आणि ती एकदम ओरडली, "अहो!" टोस्ट चहात पडला. "अहो, इकडे! इकडे बघा!" मला म्हणाली, "ते बघ, तिथे उभे आहेत, आणि डोक्यावर काही नाही. छत्र्या सगळ्यांना दिल्यात रे. ह्यांनी घेतली नसणार. फुकटचं घेत नाहीत ना ते." हे शेवटचं वाक्य बरोबर होतं, बाबा. मी मागे जाऊन ते चित्र थांबवलं. बंडी घातलेला एक उंच म्हातारा, कपाळावर आडवा हात धरून पोप आहेत त्याच्या उलट्या दिशेला बघतोय. तुमची उंची तेवढी नव्हती. मी तसं तिला सांगितलं. "लांबून माणूस उंचच दिसतो," ती म्हणाली.

ती कुठे पोचली होती हे मला कळत होतं. मी लहान असताना त्या काळचे पोप मुंबईला आले, तेव्हा आपण आपल्या चर्चच्या धर्मग्रामाच्या ट्रकमधून गेलो होतो आणि मैदानात तुम्ही हरवलात. मी आईचा पदर धरून उभा आहे. आई "अहो, अहो" हाका मारतेय आणि दर हाकेला पाच-सहा परके नवरे वळून बघतायत. स्वयंसेवकांच्या मंडपात तिला विचारतात, नाव काय यजमानांचं? ती पदर तोंडाला लावते आणि मला पुढे ढकलते. मी माइकवर तुमचं नाव घेतो, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. तुम्ही आलात ते हातात पाण्याची भरलेली बाटली घेऊन, आणि आल्या आल्या मला म्हणालात, "बापाचं नाव असं उघडं घेतात? आधी श्री लावायचं!" एसटीच्या डेपोत बसून तुम्ही रोज माइकवर गाड्यांची घोषणा करायचात, तुमचा तो प्रांत होता. त्या दिवसापासून मी कुणाचंही नाव अर्धवट घेत नाही.

त्या मंगळवारी मात्र आईला मी काय सांगायचं? म्हटलं, "आई, बाबा गेले ना."

"गेले ते मला ठाऊक आहे. कुठे गेले ते तूच आत्ता दाखवलंस."

"देवाघरी गेले, आई."

"मग? मिस्साला माणूस देवाच्याच घरी जातो. सुटली ना मिस्सा? आता घेऊन ये त्यांना."

मी म्हटलं, बाबा आता नाहीत. ती म्हणाली, "इथे नाहीत हेच तर मी सांगतेय." मी म्हटलं, वारले. तिला कमी ऐकू येतं. "वारं? वारं कुठलं, झाडाचं पान हलत नाहीये तिथे." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला हसू येत होतं आणि तिचे डोळेही भरले होते. मला म्हणाली, "अहो, हो म्हणा ना एकदा. फ्लाइट लेट आहे म्हणा." मी नाही म्हटलं. जे नाही ते आहे असं मला म्हणता येत नाही. विमानतळावर बॅगांचे पट्टे दुरुस्त करतो मी. पट्टा चालू असताना बंद आहे असं कुणी सांगितलं तर एखाद्याचा हात जातो.

आणि आईनं नेमकं तेच धरलं. "विमानतळावर कामाला ना तू? सगळ्या वसईला सांगत फिरलास, माझ्याशिवाय बॅग हलत नाही. मग एक माणूस आणता येत नाही तुला?"

आमच्या छपरावरून दिवसभर विमानं उतरतात. दर विमानाला ती खिडकीशी जाते, मग माझ्याकडे बघते.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण तिनं रात्रीचं जेवण सोडलं. तुम्ही घरी आल्याशिवाय ती कधी जेवली नाही, तुम्हीही तिला कधी आधी जेवायला लावलं नाहीत. आता ती तुमचं ताट मांडून घेते, आपलं पालथं ठेवते आणि बसून राहते. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी आग्रह केला तर पेज, संध्याकाळी काही नाही. लग्नाची अंगठी गळून पडायला लागली म्हणून बायकोनं तिला आतून दोरा गुंडाळून दिला. मेमरी क्लिनिकची नर्स घरी आली, वजन करून गेली. जाताना दारात मला म्हणाली, प्लीज, तिला करेक्ट करू नका, ती जिथे आहे तिथे तिच्याबरोबर जा. मी विचारलं, पूर्व तिमोरला? तिला वाटलं मी चेष्टा करतोय. रीडिंग गावाला राहणारी मुलगी आली, तीही तेच: "तू तिला खरा कशाला सांगतो, डॅड? आजीचा वजन बघ ना किती कमी झाला." मी म्हटलं, खरं, आणि वजन कमी झालं. ती म्हणाली, "ओ माय गॉड, डॅड," आणि उठून वर निघून गेली.

एक शब्द उरला होता. तो मला माहीत होता आणि मी त्याला वळसा घालून जात होतो. म्हैस मरते, बॅटरी मरते. बापाला आपण तो शब्द लावत नाही. एवढे सगळे मऊ शब्द आपल्या भाषेनं केलेत ते त्याच्यासाठीच, आणि त्यातला एकही माझ्या आईला कळेना. मग एका शनिवारी संध्याकाळी बोंबलाचं कालवण होतं, तिच्या आवडीचं. तुमचं ताट मांडलेलं, तिचं पालथं. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "आई, बाबा मेले. माझे बाबा मेले." आवाज चढला असावा, कारण बायको ओट्यापाशी थबकली.

आईनं माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे अदबीनं बघतात तसं. मग बायकोकडे वळून म्हणाली, "अगं, ह्यांचे वडील गेलेत. बसून काय राहिलीस, ताट वाढ ह्यांना." गेलेत, म्हणाली. तोच शब्द, आणि अगदी बरोबर अर्थानं. मला विचारलं, "कधी गेले?" मी खरं ते सांगितलं, पुष्कळ वर्षं झाली. "असू दे. बापाचं दुःख जुनं होत नाही. खा, दोन घास तरी खा." मृताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्या बायका भात-कालवण घेऊन येतात, समोर बसून खायला लावतात आणि त्या माणसाला एकट्याला जेवावं लागू नये म्हणून आपणही त्याच्याबरोबर चार घास घेतात. तुमच्या वेळी आपल्या ओटीवर हेच झालं होतं. आईनं स्वतःचं ताट सुलटं केलं, भात घेतला, माझ्याआधी पहिला घास खाल्ला आणि मी खातोय की नाही ते बघत राहिली. मी भात नुसता कालवत राहिलो. तेव्हा तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "खा रे बाळा," म्हणाली, "परका समजू नकोस."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच चाललंय. मी टेबलाशी बसतो, तुम्ही मेलात म्हणून सांगतो, ती हळहळते, माझ्या डोक्यावर हात ठेवते, माझ्यासाठी ताट वाढायला लावते आणि जेवते. वजन थोडं वाढलंय. सकाळी पुन्हा खिडकी, पुन्हा विमानं, तुम्ही अजून उन्हातच. ती माझ्या वडिलांसाठी रडते आणि आपल्या नवऱ्याची वाट बघते. ह्या दोन गोष्टी तिच्यात कुठेच एकमेकींना लागत नाहीत आणि त्या जोडायचं हत्यार माझ्याकडे नाही. खोटं मी अजूनही बोललेलो नाही, पण ह्याला खरं म्हणायचं का, हेही मला सांगता येणार नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, पोचवायचंही नाहीये. उद्या कामावर जाताना पानं फाडून रिसायकलिंगच्या डब्यात टाकीन. बायको आठवडाभर म्हणतेय, आता पुरे करा हो, त्यांना एव्हाना सवय लागलीय, एखाद्या संध्याकाळी काही न सांगता नुसतं ताट वाढून बघा, जेवतील त्या. पट्टा सुरू होईल की नाही हे बटण दाबून बघितल्याशिवाय कुणाला बोलूही न देणारा माणूस मी.

अजून बघितलेलं नाही, बाबा.