सहा मीटरखालची बाजरी

मी, धुडकू नथ्थू बोरसे, वय ६८, राहणार गोडादरा, सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला शुगर आहे, पण ती अजून डोक्यात गेलेली नाही.

१. गोडादऱ्याच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात पत्नी शोभाबाईची. तिच्या हयातीत मुलगा वैभव याने खोल्या विकण्याचं नाव काढू नये.

२. माझं माती काढायचं गिरमिट वैभवला. इच्छापोरला कारखान्यांच्या पायासाठी बोअर मारण्यात माझी बावीस वर्षं गेली. ठेकेदार योगेंद्र याला माझी कुठलीही वस्तू देऊ नये. वर येणाऱ्या मातीला तो कचरा म्हणायचा.

३. तो कचरा कॉलेजच्या मयुरीबेन नळ्यांत भरून नेत. फुलांचे परागकण चिखलात हजारो वर्षं टिकतात, ते भिंगाखाली ओळखले की तिथं पूर्वी काय उगवत होतं ते कळतं, हे त्यांनीच मला दाखवलं. कारखान्याखाली तिवरांचं जंगल निघालं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्यांनी लेखात माझं नाव छापलं. ते फ्रेम केलेलं पान शोभाबाईकडे राहावं.

४. आता कबुली. एका दिवाळीत लॅब बंद होती म्हणून सहा मीटर खोलीवरच्या मातीच्या दोन नळ्या माझ्या घरी होत्या. एकीचं बूच निघालं. माती बुरसेल या भीतीने मी ती गच्चीवर वाळत घातली. शेजारीच शोभाबाई गावाहून आलेली बाजरीची कणसं बडवत होती. माती परत भरून मी ती नळी दिली; दुसरी जास्तीची म्हणून माझ्याकडेच राहिली. पुढे मयुरीबेन आनंदाने म्हणाल्या, "धुडकूभाई, अनाज का पराग मिला! उस ज़माने में यहाँ खेती थी!"

ती बाजरी आमची असावी. पण ज्या लेखात ही खेती छापली त्यातच माझं नाव आलं होतं, म्हणून मी नऊ वर्षं तोंड उघडलं नाही. याची मला फार लाज वाटते. पण कधीकधी वाटतं, खरंच तिथं कुणी पेरत असलं तर? दुसरी नळी कपाटात सीलबंद आहे. माझ्या मृत्यूनंतर ती मयुरीबेनना द्यावी. माझं नाव खोडावं लागलं तर खोडावं.

५. वरील मजकूर शोभाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्हीन मरी गयात मंग जवाब कोन ऐकी?"

सबब कलम ४ मधील मृत्यूची अट मी रद्द करत आहे. नळी आजच घेऊन जातो. साक्षीदारांनी सह्या लवकर उरकाव्यात, लॅब पाचला बंद होते.

सही: धुडकू नथ्थू बोरसे

आमच्यासमोर सही केली:
१. वाल्मिक दौलत ठाकरे
२. दगा उखा सोनवणे

सुरत, १५ जुलै २०२४